उसना रवंथ

गल्लीच्या टोकाला, जिथे रस्ता कंटाळून संपतो, तिथे एक पत्र्याचा गोठा आहे. गोठा म्हटलं की लोकांचा हात आधी रुमालाकडे जातो. इथे तो रुमाल खिशातच राहू द्यावा, कारण ती फरशी गल्लीतल्या निम्म्या स्वयंपाकघरांपेक्षा स्वच्छ असते. (कोणाच्या, ते विचारू नका. याच गल्लीत राहायचंय.) फरशीवर ओतलेलं पाणी उतारावरून मुकाट नालीत जातं. खिडकीतला उजेड बरोबर गव्हाणीत पडतो. आणि गव्हाणीच्या कडेला टांगलेली मिठाची वीट गायींनी चाटून चाटून इतकी गुळगुळीत करून ठेवलेली असते, की समोरच्या शिवणवालीनं एकदा ती अंगाच्या साबणाची वडी समजून वास घेऊन पाहिली होती.

या गोठ्याची मालकीण म्हणजे ओंजळबाई. हे नाव अर्थातच पाठीमागचं. तोंडावर सगळे काकू म्हणतात, आणि शिवणवाली तेवढी वहिनी म्हणते, कारण तिला भाऊजींची थट्टा करायचा परवाना हवा असतो.

ओंजळबाई हे नाव पडलं ते तिच्या हातांवरून. गोठ्यात नवा चारा आला, मग तो कितीही लुसलुशीत असो, पहिल्या दिवशी जुन्या चाऱ्यात त्याची एक ओंजळ पडणार. दुसऱ्या दिवशी थोडी मोठी ओंजळ. असं करत करत जुना चारा कधी संपला आणि नवा कधी सुरू झाला, हे गायींनासुद्धा कळत नाही. कोणी घाई केली की ती म्हणते, "गाय नुसती चावते हो. पचवणारे वेगळेच. तिच्या कोठीपोटात एक अख्खं गाव राहतं, डोळ्यांना न दिसणारं. त्या गावाला जे खायची सवय आहे, ते बदलायचं तर आधी वर्दी द्यायला नको? अचानक गेलात तर गाव दार लावून बसतं."

हाच नियम तिनं घरातही चालवला. नवऱ्याच्या चहातली साखर तिनं अशीच उतरवली, चिमटीचिमटीनं, वर्षभर. नवऱ्याला पत्ता लागला तो एका लग्नात चहा पिताना. "पाक केलाय की चहा!" म्हणून तो आचाऱ्याशी भांडायला उभा राहिला, तेव्हा ओंजळबाई पदर तोंडाशी धरून दुसऱ्या रांगेत हसत होती.

सकाळी लोक पेपर वाचतात, ही शेण वाचते. चपलेच्या टोकानं जरा बाजूला करून बघितलं, की कोणाला पाणी कमी पडलंय, कोणी चारा नीट चावला नाही, कोणाच्या पोटात काय चाललंय, सगळ्या बातम्या तिला मिळतात. खाऊ घालायचा क्रमही ठरलेला: आधी वाळलं गवत, ते पोटात बसलं की मग हिरवा चारा, आणि कोंडा-पेंडीचा खुराक सगळ्यात शेवटी, जिच्या तिच्या दुधाप्रमाणे. पाणी मात्र कायम समोर, आणि इतकं स्वच्छ की ओंजळबाई स्वतः त्यात बोट बुडवून ते ओठाला लावून बघते. दुपारी तिन्ही गायी बसून रवंथ करायला लागल्या की गोठ्यापुढून जाणाऱ्यानं आवाज खाली घ्यायचा. बेकरीवाल्यानं एकदा तिथे सायकलची घंटी वाजवली होती. ओंजळबाई बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "ऑफिस चालू आहे." त्या दिवसापासून बेकरीवाला तिथे सायकलवरून उतरून चालत जातो.

तीन गायी. साय ही दुधाळ, अंगानं गोरीपान आणि स्वभावानं लाडावलेली; तिचं वासरू अजून दूधपितं. बुटकी ही बुटकीच, पण दूध देताना हात आखडत नाही. आणि तिसरी आजी. आजी भाकड, म्हणजे दूध देणं तिनं कधीच सोडलंय. पुढचे गुडघे जाड झालेत, एक शिंग वाकून कानात काय पडतंय ते ऐकायला आल्यासारखं दिसतं. पण ओंजळबाईनं ही आजी घेऊनच गोठा सुरू केला होता, आणि जे काही शिकली ते हिच्या पोटावर शिकली. आजीची जागा खिडकीजवळची. त्यावर चर्चा नाही.

चर्चा व्हायची ती नवऱ्याकडूनच.

नवरा म्हणजे गल्लीचे ड्रायव्हरसाहेब. जन्मभर त्यांनी मोठी बस चालवली. घाट, धुकं, अर्धवट झोपलेले प्रवासी, सगळं अंगावर घेतलं आणि कोणाला खरचटूही दिलं नाही. मग एक दिवस हार गळ्यात पडला, हातात घड्याळ आलं, आणि साहेब घरी. पहिला आठवडा त्यांनी गॅलरीत उभं राहून गल्लीतल्या दुचाक्यांना शिस्त लावली. दुसऱ्या आठवड्यात घरातल्या सगळ्या कड्याकोयंड्यांना तेल घातलं. तिसऱ्या आठवड्यात तेल घालायला काही उरलं नाही, तेव्हा ते गोठ्याच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं, मला पण काहीतरी काम दे."

ओंजळबाईनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नव्या चाऱ्याच्या भाऱ्याकडे पाहते तसं. मग म्हणाली, "बादल्या घासा."

साहेबांनी बादल्या घासल्या. कितीतरी दिवस नुसत्या बादल्याच. मग झाडू मिळाला. मग पाणी भरणं. मग केव्हातरी गवताचा भारा गव्हाणीपर्यंत न्यायची परवानगी. शिवणवाली मशीनवरून मान वर करून रोज विचारायची, "काय भाऊजी, आज बढती?" साहेब हसण्यावारी न्यायचे. पण खुराकाच्या डब्याला हात लावायची मुभा काही मिळेना, आणि हे मात्र त्यांच्या मनाला लागायचं.

"भरलेल्या बसमधल्या सगळ्यांचा जीव माझ्या हातात असायचा," ते एकदा म्हणालेच. "आणि तू मला कोंडा घालू देत नाहीस?"

"ती माणसं आपापलं पोट आपण सांभाळत होती हो," ओंजळबाई म्हणाली. "जरा दम धरा. येईल तोही दिवस."

साहेबांना हे काही पटलं नाही. त्यांच्या मते सरळ हिशेब होता: टाकीत चांगलं इंधन पडलं की गाडी चढण चढते. यात ओंजळी कसल्या मोजायच्या? आणि आजीबद्दल तर त्यांचं मत ठाम होतं. "ही बघ, नुसती उभी. ना दूध, ना वासरू. खाते मात्र नियमानं. पेन्शनर आहे पेन्शनर!" असं म्हणून झालं की ते उगाच बादली विसळायला लागायचे. शब्द तोंडातून निघून गेल्यावर तो नेमका कोणाला लागला हे त्यांनाही कळायचं.  त्या संध्याकाळी ओंजळबाईकडून त्यांच्या चहाबरोबर एक बिस्कीट जास्त यायचं.

मग ओंजळबाईच्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं. एक रात्र तिच्याजवळ राहणं भाग होतं. गोठा सोडून ती कधी मुक्कामाला गेलेली कोणाला आठवत नव्हतं. शिवणवालीला धार काढता येत होती, तो प्रश्न सुटला. खुराक तिनं स्वतःच्या हातानं मोजून दोन घमेल्यांत झाकून ठेवला. एक सायचं, एक बुटकीचं. मग गोठ्याची किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली.

"घमेली उचलायची आणि पुढ्यात ठेवायची. बाकी गवत आणि पाणी. दुसरं काही नाही."

"अगं हो."

"सायचं दूध जरा उतरलंय. उन्हानं असेल. येईल आपोआप वर. तुम्ही काही करू नका."

खरं म्हणजे हे शेवटचं वाक्य तिनं बोलायलाच नको होतं. साहेबांनी किल्ली घट्ट धरली. त्यांना त्यातलं एवढंच ऐकू आलं, की सायचं दूध उतरलंय.

दुपारी बेकरीवाला दारात आला. त्याच्या खांद्यावर फुगलेलं पोतं होतं. "काका, शाळेचं संमेलन ऐनवेळी पुढे गेलं. सगळे पाव अंगावर पडले. फेकायचं जिवावर येतंय हो. तुमच्या गायी खातील का?"

साहेबांनी पोत्यात हात घातला. पाव मऊ होते, ताजे होते, भट्टीचा वास अजून गेला नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे उद्याची सकाळ उभी राहिली: बायको बसमधून उतरतेय, बादली काठोकाठ भरलीय, वर फेस आलाय, आणि ती चकित होऊन विचारतेय, अहो, केलंत तरी काय? आणि आपण मिशीतल्या मिशीत हसून म्हणतोय, काही नाही गं, जरा लक्ष दिलं.

"ठेव इथे," ते म्हणाले.

सायनं पहिला पाव हुंगला, दुसरा चाखला आणि पुढचे मोजायच्या भानगडीत ती पडली नाही. साहेब देत गेले, ती घेत गेली. लाडक्या नातीला खाऊ घालावा तसं चाललं होतं. बुटकीनं मान लांब केली म्हणून तिलाही थोडे दिले. खिडकीजवळून आजीनंही मान पुढे काढली, ते वाकडं शिंग हलवत.

"तुला कशाला?" साहेब म्हणाले. "तू काय मायलेज देणार? गवत खा."

आजीनं मान आत घेतली आणि गवत खाल्लं.

संध्याकाळी धार काढायला आलेली शिवणवाली म्हणाली, "भाऊजी, साय आज मंत्रिपद मिळाल्यासारखी उभी आहे. काय जादू केलीत?"

"अनुभव," साहेब म्हणाले आणि जवळजवळ रिकामं झालेलं पोतं पायानं दाराआड सारलं.

सकाळी ओंजळबाई गल्लीच्या तोंडाशी उतरली. तिथूनच तिनं पाहिलं, की गोठ्याच्या दारात शिवणवाली रिकामी बादली घेऊन उभी आहे. तिनं पिशवी तिथेच ठेवली आणि चालायला लागली. धावली नाही. गोठ्याजवळ धावलेलं गायींना आवडत नाही.

साय पाय फाकवून उभी होती. मान खाली, कान लोंबलेले, दात करकरत होते. डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागचा तो खळगा, एरवी जिथे ओंजळभर सावली असते, तिथे पोट वर आलं होतं. मागे पातळ शेण पसरलं होतं आणि त्याला आंबट वास येत होता. ओंजळबाईनं सायच्या कानाला हात लावला. कान गार होता. मग तिनं भकाळीवर मूठ दाबून धरली आणि थांबली. निरोगी गायीचं पोट अशा मुठीला थोड्या थोड्या वेळानं आतून ढकलतं. आज आतून काहीच येत नव्हतं.

"काय खाल्लं हिनं?"

"तू ठेवलं होतंस तेच," साहेब म्हणाले.

शब्द तोंडातून निघाले आणि साहेबांनी पायानं पोतं दाराआड आणखी आत सारलं.  

गुरांच्या डॉक्टरीणबाई स्कूटरवरून आल्या. वयानं लहान, उंच बूट, तोंडात पेपरमिंट. ओंजळबाईशी त्यांचं जुनं मेतकूट. त्यांनी ताप पाहिला, भकाळीला नळी लावून ऐकलं, आणि पेपरमिंट गालात सरकवून म्हणाल्या, "काकू, पोट बंद पडलंय. पण कशानं, ते आधी कळायला हवं. बुरशीचा चारा पोटात गेला असेल तर औषध वेगळं, धान्याचं काही जास्त झालं असेल तर वेगळं. अंदाजानं दिलं तर वेळ जाईल, आणि वेळ हिच्याकडे फारसा नाही. काही नवीन दिलं होतं का?"

 ओंजळबाई हळूच म्हणाली, "नवीन गवताचा ढीग आलाय परवा. मीच पाहून घेतला होता. हातानं उलटून, वास घेऊन. तरी मधल्या थरात ओल राहिली असेल. माझ्याच नजरेतून सुटलं." तिनं पदरानं कपाळ टिपलं. "बुटकीपुढचं गवत काढा हो. आजीपुढचंही. तो सगळा ढीग फेकायचा. आणि मी जायलाच नको होतं. जनावर सांभाळायचं तर असं उठून जायचं नसतं."

साहेब गवत काढायला वाकले. आजी शांतपणे चघळत होती. त्यांनी तिच्या तोंडातून गवताची काडी ओढून घेतली आणि ती हातात धरून ते तसेच वाकून राहिले. ज्या बाईनं इतकी वर्षं एका काडीची चूक केली नाही, ती आपल्यादेखत स्वतःला चूक म्हणवून घेत होती. बायको रागावली असती तर त्यांनी ते सोसलं असतं. किल्ली काढून घेतली असती तर तेही. हे मात्र त्यांना सोसेना.

"ढीग फेकू नकोस," ते म्हणाले. आवाज असा आला, की कोपऱ्यातल्या शिवणवालीनंही मान वर केली. "गवत चांगलं आहे. मी पाव घातले."

"काय घातलंत?"

"पाव. बेकरीतले. पोतं." त्यांनी दाराआडचं पोतं ओढून पुढे ठेवलं. "सगळं पोतं नाही. पण बरंचसं. बुटकीला थोडे. म्हटलं, दूध वाढेल. तुला बरं वाटेल."

गोठ्याच्या दारात आतापर्यंत बरीच गल्ली जमली होती, कारण कोणाचं काही बिघडलं की या गल्लीला घरातली कामं सुचत नाहीत. सगळे श्वास रोखून उभे. आता काकू काय बोलते?

ओंजळबाई पोत्याकडे पाहत होती. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि मिशी थरथरत होती.

"तिनं आवडीनं खाल्ले असतील," ती म्हणाली.

"फार आवडीनं."

"खाणारच. तुमच्यापुढे साखरेचा डबा उघडा ठेवला असता तर तुम्हीही मला विचारलं नसतं." आणि डॉक्टरीणबाईंकडे वळून, "कळलं ना हो तुम्हाला? सांगा आता काय काय लागेल."

बेकरीवाला गर्दीतून पुढे आला. "काकू, पाव माझेच होते. मीच दिले."

"आता तोंड उघडलंच आहे कोणीतरी तर सांगते," शिवणवाली म्हणाली. "मटारची टरफलं मी अधूनमधून टाकते खिडकीतून. सायला आवडतात."

"केळ्यांच्या साली," मागून कोणाचा तरी आवाज आला. तो कोणाचा, ते अजून कोणी कबूल केलेलं नाही.

डॉक्टरीणबाई बाही वर करता करता म्हणाल्या, "अजून कोणाला काही आठवतंय का? नाहीतर मी कामाला लागते."

खाण्याचा सोडा बेकरीतूनच आला, डबाभर. बेकरीवाला या वेळी सायकलवर बसूनच गेला आणि बसूनच आला, आणि त्याला कोणी काही म्हणालं नाही. सोडा पाण्यात कालवून नळीनं सायच्या पोटात गेला, आत झालेला आंबटपणा मारायला. मानेच्या शिरेत सलाईन लागलं. बाटली उंच धरायचं काम साहेबांनी मागून घेतलं. हात भरून आले तरी त्यांनी ते कोणाला दिलं नाही. बुटकीला कोरड्या गवतावर ठेवलं. ती जराशी रुसली होती, पण शेण ठीक होतं.

दुपारी डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. सायचं पोट थोडं उतरलं होतं, पण ते अजून हलत नव्हतं.

"आंबटपणा कमी झालाय. पण त्या आंबटात आतलं गाव मेलंय, काकू. नुसतं रिकामं घर उरलंय. नवी वस्ती आणावी लागेल. एखाद्या धडधाकट गायीच्या पोटातलं पाणी काढून हिच्या पोटात घालायचं. रवंथ उसना घ्यायचा म्हणा."

"बुटकी?"

"बुटकीनंही पाव खाल्लेत. तिचं नको. ज्या गायीनं एकही खाल्लेला नाही, अशी हवी."

 सगळ्यांची तोंडं हळूहळू खिडकीकडे वळली. तिथे आजी डोळे अर्धे मिटून, वाकडं शिंग भिंतीला टेकवून, सावकाश रवंथ करत होती. गव्हाणीत गवत परत आलं होतं आणि तिच्या मते जग ठीक चाललं होतं.

"हिला का नाही दिले हो पाव?" ओंजळबाईनं नवऱ्याला विचारलं.

साहेबांनी मान खाली घातली. "पेन्शनर म्हणून."

त्या दिवसात ओंजळबाई पहिल्यांदा हसली, आणि ती हसली तेव्हा सगळी गल्ली हसली.

आजीचं डोकं साहेबांनी धरलं. नळी आत गेली, पंपानं हिरवट, कोमट पाणी वर आलं, त्याला ताज्या गवताचा आणि शेवाळाचा वास होता. शिवणवालीनं धुतलेलं पातळ सुती कापड आणलं. त्यातून गाळून ते पाणी गार होऊ न देता लगेच सायच्या पोटात घातलं. आजीनं एकदा नाक फेंदारलं, एवढंच. नळी निघाल्यावर तिनं साहेबांच्या सदऱ्याला नाक पुसलं, घटकाभर विचार केला आणि पुन्हा रवंथाला लागली.

"दिली पेन्शन वाटून," शिवणवाली म्हणाली. कोणी हसलं नाही, कारण साहेब आजीच्या मानेवर हात ठेवून उभे होते आणि तो हात बराच वेळ तिथून हलला नाही.

"उद्या सकाळपर्यंत पोट हललं तर गाय आपली," डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या. 

त्या संध्याकाळी गल्लीला गोठ्याचं दूध मिळालं नाही. बुटकीचं होतं ते सायच्या वासराला गेलं. कितीतरी घरांत बिनदुधाचा चहा झाला. एका घरात त्यावरून कुरकुर झाली, पण ती खालच्या आवाजात.

सकाळी उजाडल्याबरोबर साहेब गोठ्यात. ओंजळबाई आधीच तिथे होती. साय उभी होती. कान गार आहेत की कोमट, याबद्दल ओंजळबाईला खात्री वाटेना. तिनं मूठ लावली, काढली, पुन्हा लावली. बहिणीकडचं जागरण, इकडचं जागरण, तिचे हात थकून गेले होते.

"मला काही कळत नाहीये," ती म्हणाली. हे वाक्य त्या गोठ्यात यापूर्वी कोणी ऐकलं नव्हतं.

"सरक जरा," साहेब म्हणाले.

त्यांनी मूठ लावली नाही. ते गुडघ्यांवर वाकले आणि सरळ कान सायच्या भकाळीला लावला. टोपी खाली पडली, ती तशीच पडू दिली. डोळे मिटले. डेपोत पहाटेच्या थंडीत बोनेटला कान लावून ते असेच उभे राहायचे. मेकॅनिक म्हणायचा बंद आहे, आणि साहेब म्हणायचे थांब, आहे जीव.

आधी काहीच नाही. सायचा श्वास तेवढा. त्यामागे बुटकीची साखळी. बाहेर बेकरीवाला सायकल हातात धरून चालत गेला, त्याच्या चाकाची टिकटिक.

मग खूप खोलवरून एक घरघर आली. दूरवर, वळणापलीकडे, जड गाडी पहिल्या गिअरमध्ये चढणीला लागावी तशी. आली आणि विरली. साहेबांनी श्वास धरून ठेवला. पुन्हा आली. या वेळी जरा जवळून.

"उचललं," ते पुटपुटले.

"काय?"

"इंजिन. उचललं तिनं. ये, ऐक."

ओंजळबाई वाकली. त्या अरुंद जागेत दोघांची डोकी एकमेकांना लागली, दोघांचेही कान गोऱ्या पोटाला. शिवणवाली त्याच वेळी बादली घेऊन दारात आली होती. तिनं ते दृश्य पाहिलं आणि एक शब्द न बोलता परत गेली. तिच्या आयुष्यातली ही एकमेव संयमाची घटना आहे आणि आजही ती सगळ्यांना सांगते.

उन्हं गव्हाणीत आली तेव्हा साय खाली बसली. मानेतून एक गोळा वर सरकताना दिसला. तोंड आडवं हललं. एकदा, मग पुन्हा. रवंथ.

ओंजळबाई पायरीवर टेकली. साहेब तिच्यापुढे आले आणि गोठ्याची किल्ली तिच्यापुढे धरली. "घे. माझ्याकडे नको. मला नाही जमायचं हे."

तिनं किल्ली घेतली नाही. "आता सायचं काय करायचं, सांगू?" ती म्हणाली. "काही दिवस नुसतं गवत. मग कोंड्याची एक चिमूट. मग अर्धी ओंजळ. पहिल्यापासून सगळं. तिचं नवं गाव वसतंय ना, घाई करायची नाही." ती थांबली. "तुमचंही तसंच. मीच जरा घाई केली. एकदम किल्ली दिली."

"म्हणजे?"

"म्हणजे बादल्या घासा."

शिवणवाली पुढे कितीतरी दिवस विचारत राहिली, "काय भाऊजी, कुठवर आली गाडी?" आणि साहेब बादलीत हात घालून, मान ताठ करून सांगायचे, "झाडूपर्यंत." मग, "पाण्यापर्यंत." मधल्या काळात त्यांनी आजीसाठी जाड गुडघ्यांखाली घालायला रबराची चटई आणली, बसच्या जुन्या पायपुसण्यांची, आणि दुपारी तिच्या शेजारी स्टूल टाकून ते बसू लागले. दोघं काही बोलत नाहीत. ऑफिस चालू असतं.

आणि ज्या सकाळी सायला खुराकाची पहिली चिमूट द्यायची होती, त्या सकाळी ओंजळबाईनं डब्याचं झाकण काढलं आणि बाजूला झाली. साहेबांनी आत हात घातला. बाहेर आलेल्या बोटांमध्ये कोंडा इतका थोडा होता, की ओंजळबाईलाच म्हणावं लागलं, "अहो, अजून थोडा घ्या."

"नको," साहेब म्हणाले. "आज एवढाच."